सांगला, इ. स. पू. ३२६ : आधी गाड्यांची लढाई, मग वेढा (१५ मिमी, दोन बैठकी)

पाथरवट (धागाकर्ता)

१५ मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाई आणि तिला लागूनच वेढा असा जोडखेळ मांडायचा म्हटलं की पहिलं नाव अलेक्झांडरने घेतलेल्या टायर बंदराचं निघतं. ते सोडा. इससची लढाई इ. स. पू. ३३३ ची, टायरचा वेढा पुढच्या वर्षीचा, सात महिने चाललेला, आणि आरमाराशिवाय तो खेळताच येत नाही. इससला कोण मेलं, कोण उरलं याचा टायरच्या तटाशी काही संबंध राहत नाही. एका दिवशी दोन वेगळे खेळ खेळल्यासारखं होतं. सीझरने गॉलमध्ये वेढलेलं आलेसिया (इ. स. पू. ५२) त्या मानाने बरं, पण बाहेरून येणारी मदतीची फौज मांडायची तर घरातले सगळे डबे उपसावे लागतील.

सांगला या बाबतीत फिट्ट बसतं. पोरसशी झेलमची लढाई झाल्यावर अलेक्झांडर चिनाब आणि रावी ओलांडून कठांवर, म्हणजे पंजाबातल्या एका लढवय्या जमातीवर, आला. कठ सांगला शहरासमोरच्या टेकडीवर गाड्यांची तिहेरी तटबंदी करून बसले होते. गाड्यांवरची लढाई हरल्यावर ते शहरात शिरले आणि त्याच दिवशी वेढा सुरू झाला. माणसं तीच, जागा तीच. अलेक्झांडरचा ग्रीक इतिहासकार अॅरियन याने सगळं क्रमवार दिलंय : कोणती तुकडी कुठे होती, कोणत्या पहाऱ्याला काय झालं, किती मेले, किती जखमी.

नियम डीबीएचेच (डी बेलिस अँटिक्विटाटिस, प्राचीन लढायांचं नियमपुस्तक). बारा बेसची फौज (बेस म्हणजे एका पट्टीवर चिकटवलेली सैनिकांची तुकडी), ४० मिमी रुंदीचे बेस, चालींसाठी एक फासा. त्यावर घरचे चार नियम चढवलेत. टेबल १२० बाय ९० सेंमी.

मॅसिडोनियन, एकूण १३ बेस : हेतायरोई, म्हणजे अलेक्झांडरचं खासं घोडदळ ३ (उजवीकडे २, डावीकडे सेनापती पर्दिक्कसचा १), घोडेस्वार धनुर्धर १, हिपास्पिस्ट (निवडक ढालवाले पायदळ) २, सरिसावाले फॅलॅन्क्स (लांब भाल्यांचं दाट रांगांचं पायदळ) ४, अग्रियानी (हलके भालाफेके) १, धनुर्धर २ (दोन्ही बगलांना एकेक). तेरावा बेस मुद्दाम आहे, दोन्ही बगलांना धनुर्धर होते म्हणून.

कठ, एकूण १३ : धनुर्धर ८, भालाईत ४, घोडदळ १. रथ नाहीत. हत्तीही नाहीत, ते नंतर पोरसबरोबर येतात आणि तेही मॅसिडोनियनांच्या बाजूने.

गाडे : बाहेरच्या कड्यात १२, मधल्यात ८, आतल्यात ५. झटापटीत दोघेही आपल्या गुणांत फाशाचा आकडा मिळवतात, जास्त बेरीजवाला जिंकतो; त्यात गाड्यामागच्याला +२, टेकडीवरच्याला +१. कुठे चुकतंय ते सांगा.

फासेपारखी

यादी चांगली आहे, पण कडी टेबलावर मावणार नाहीत. ४० मिमीचे १२ गाडे गोल लावले की परीघ ४८० मिमी, त्रिज्या ७६. आठ गाड्यांची त्रिज्या ५१. दोन कड्यांत अंतर राहिलं २५ मिमी, आणि गाड्याची जाडीच २५ मिमी धरली तर मधे बेस ठेवायला जागाच नाही. पाच गाड्यांचं कडं तर ३२ त्रिज्येचं, त्यात एक बेस कसाबसा उभा राहील.

पूर्ण कडी करायचीच तर २४, १६ आणि ८ असे ४८ गाडे लागतील. एवढे कोण बनवणार?

अर्धी कडी करा. मागची बाजू शहराकडे उघडी सोडा. बाहेर १२ गाडे १५३ मिमी त्रिज्येवर, मधे ८ गाडे १०२ वर, आत ४ गाडे ५१ वर. एकूण २४. प्रत्येक दोन कड्यांत ५१ मिमी, त्यातून गाड्याचे २५ वजा जाता २६ मिमी रिकामे. धनुर्धराचा २० मिमी खोल बेस त्यात आरामात बसतो. टेकडी ३५ सेंमी रुंद, १८ सेंमी खोल केली की झालं.

आता यातली गंमत. सरिसावाल्यांचा बेस १५ मिमी खोल. एक रांग २६ मिमीत मावते, मागची दुसरी रांग मावत नाही. म्हणजे बाहेरचं कडं ओलांडून आत शिरलेल्या फॅलॅन्क्सला मागच्या रांगेचे +३ मिळणारच नाहीत. अॅरियन नेमकं हेच सांगतो : पहिलं कडं सहज पडलं, दुसऱ्यापाशी गाडे बाजूला सारत, फटींतून, रांगा मोडून शिरावं लागलं, आणि आतले कठ लहान कड्यात दाटीने उभे होते. यासाठी वेगळा नियम लिहायची गरजच नाही, मिलीमीटर आपोआप ते करतात.

पाथरवट

मान्य. ५ चे ४ केले, अर्धी कडी घेतली. दाटीसाठी मधल्या कड्यात मागे दुसरा बेस असेल तर कठांना आणखी +१ देऊ. बाहेर १२ गाड्यांमागे १२ पायदळी बेस, प्रत्येकी एक. तेच मागे सरून ८ गाड्यांमागे आले की दाटी होणारच.

फासेपारखी

मग आकडे असे पडतात. मुळातले गुण : फॅलॅन्क्स पायदळाविरुद्ध ३, मागच्या रांगेचे +३, हिपास्पिस्टांना तलवारबाज धरलं तर ५, धनुर्धर पायदळाविरुद्ध २, घोड्यांविरुद्ध ४.

बाहेरचं कडं. दुहेरी फॅलॅन्क्स ६, धनुर्धर २+२+१ म्हणजे ५. छत्तीसपैकी २१ वेळा फॅलॅन्क्स जिंकतो.

मधलं कडं. एकेरी फॅलॅन्क्स ३, धनुर्धर दाटीसकट ६. छत्तीसपैकी जेमतेम ३ वेळा जिंकतो, आणि ९ वेळा दुपटीने हरून बेस उचलावा लागतो. तिथेच हिपास्पिस्ट घातले तर ५ विरुद्ध ६ : १० वेळा जिंकतात, दुपटीने हरण्याची वेळ फक्त १.

घोडदळ गाड्यांवर घातलं तर ३ विरुद्ध ७. बारा वेळा बेस जातो, एकदा जिंकतो. अलेक्झांडरने उजवीकडून आधी घोडदळच नेलं होतं. कठ गाडे सोडून खाली उतरेनात, वरूनच मारा करत राहिले, तेव्हा तो घोड्यावरून उतरून पायदळाच्या पुढे झाला. ३ विरुद्ध ७ बघितल्यावर कोणीही उतरेल.

थोडक्यात हिपास्पिस्ट पहिल्या कड्यावर खर्चू नका.

सुरंगी

नियमपुस्तकात ‘वॉर वॅगन’ नावाचा बेस आहे, तो कोणी इथे काढू नये. तो पंधराव्या शतकातल्या बोहेमियाच्या हुसाइटांसाठी : चालतो, थांबतो, गाड्यातून मारा करतो. सांगलाचे गाडे म्हणजे बैल सोडलेले सामानाचे गाडे, निव्वळ अडथळा. मारा करतो तो मागे किंवा वर उभा असलेला बेस.

आणि ‘शकटव्यूह’ शब्द वापरायचा मोह होईल, तोही आवरा. द्रोणांनी चौदाव्या दिवशी रचलेला शकटव्यूह गाड्याच्या आकाराचा होता, गाड्यांचा नव्हता.

गाडे कसे बनवायचे ते सांगते, चोवीस म्हणजे दोन संध्याकाळचं काम. १५ मिमीच्या मापात चाक साधारण ११ मिमी हवं. शर्टाचं साधं बटण नेमकं तेवढं असतं. ४८ बटणं, एकाच रंगाची नसली तरी चालतील. साटा आइस्क्रीमच्या काडीचा, ३० बाय १५ मिमी. आस टूथपिकची. जू आणि दांडी माडाच्या हिराची. केरसुणीतला जुना, वाळलेला हीर घ्या, ओला घेतलात तर सुकताना वाकतो. बटणाला आधी काचकागद मारा, नाहीतर गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही आणि पहिल्याच खेळात नखाने निघतो. चाकाची चार भोकं बुजवू नका, काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) मारला की तीच आऱ्यांमधल्या फटींसारखी दिसतात.

गाडा बेसवर आडवा चिकटवा, दांडी डाव्या हाताला. सगळ्या दांड्या एकाच बाजूला आल्या तर शेजारच्या गाड्याच्या साट्याखाली सरकतात आणि कडं घट्ट बसतं.

मानशीकार

सुरंगीताई, सरिसांचं काय? १५ मिमीत खरी लांबी ५०-५५ मिमी होते. पुढच्या रांगेचे भाले आडवे धरलेले असले की ते गाड्याला अडतात, बेस बेसला टेकत नाही, आणि मग पट्टी काढून वाद.

सुरंगी

पुढच्या रांगेचेही ४५ अंशात वर करा, मागचे उभे. ओतीव शिशाचे भाले असेही वाकतात. कापून टाका आणि झाडूचे जाड नायलॉनचे दात लावा. वाकले तरी परत सरळ होतात. तारेचे लावाल तर बोटात घुसतील. मुठीत ०.५ मिमीचं भोक पाडून सुपरग्लूचा एकच थेंब. पावसाळ्यात सुपरग्लू लगेच धरतो खरा, पण आजूबाजूला पांढरी वाफ बसते. म्हणून भाले आधी, रंग नंतर.

पाथरवट

आता लढाईतून वेढ्यात काय काय न्यायचं ते. जोडखेळाचा जीव इथेच आहे.

पहिलं, गाडे. अलेक्झांडरचा सरदार टॉलेमी याने तळ्याच्या बाजूची वाट अडवायला कठांचेच मागे राहिलेले गाडे वापरले. म्हणून : रिकामा गाडा हाताने काढायला १ पिप (चालींच्या फाशावरचा एक ठिपका) आणि त्याला टेकून उभा, न लढणारा एक बेस, अख्खी एक पाळी. असा काढलेला गाडा लूट. ज्या गाड्यावर झटापट होऊन मॅसिडोनियन बेस आत घुसला तो मोडला, लुटीत नाही. शेवटी टेकडीवर जे उरतील ते सगळे लुटीत. घाई करणाऱ्याला कडं लवकर मिळतं पण तळ्याला लावायला गाडे कमी उरतात.

दुसरं, जखमी. अॅरियनच्या हिशेबाने अख्ख्या वेढ्यात मॅसिडोनियन मेले शंभराच्या आत, जखमी बाराशेच्या वर, त्यांत लिसिमाकससारखा अंगरक्षक सरदारही. हे प्रमाण विचित्र आहे असं तो स्वतःच म्हणतो. म्हणून लढाईत उचललेल्या प्रत्येक मॅसिडोनियन बेससाठी फासा : १ आला तर गेला, २ ते ६ आला तर जखमी. जखमी बेस पहारा देतो, पण खणत नाही आणि शिडीवर चढत नाही. कठांना ही सोय नाही, त्यांचा गेला तो गेला.

तिसरं, वाचलेले कठ. जेवढे बेस वेशीतून आत गेले तेवढी शिबंदी.

लढाई १० पाळ्यांची. मधलं कडं दोन ठिकाणी फुटलं की कठ पळतात.

मानशीकार

यात एक भगदाड आहे. पुढे वेढा आहे हे कठ खेळाडूला ठाऊक असतं. तो पहिल्याच पाळीला टेकडी सोडून तेराच्या तेरा बेस आत नेईल. लढाई होणारच नाही.

वेस अरुंद करा. पाळीला दोनच बेस आत जातील. तेरा बेसना सात पाळ्या लागतात. तेवढ्यात उघड्यावर उभ्या असलेल्यांना घोडेस्वार धनुर्धर आणि उजवीकडचे दोन हेतायरोई गाठतात. मग गाड्यांमागे थांबणंच शहाणपणाचं ठरतं आणि खेळ आपोआप टेकडीवर येतो. घोडेस्वार धनुर्धर पहिल्याच पाळीला टेबलावर हवेत, बाकीची फौज दुसऱ्या पाळीपासून. अलेक्झांडरने रांगा लावून होईपर्यंत कठांनी खाली धाव घेऊ नये म्हणून त्यांनाच आधी पुढे पिटाळलं होतं.

पाथरवट

घेतलं. वेस दोन बेसची.

आता वेढा. शहराच्या भोवतालचे आठ भाग : १ ते ६ जमिनीचे, ७ आणि ८ तळ्याचे. तळं उथळ, तट तिथपर्यंत आलेला. चार दिवस, प्रत्येक दिवसामागे रात्रीचे चार पहारे. दिवसा प्रत्येक धडधाकट पायदळी बेसला एक काम : कुंपण, सुरुंग किंवा पहारा. एका भागाचं कुंपण म्हणजे दोन बेसचं एका दिवसाचं काम. घोडदळ खणत नाही.

फासेपारखी

हिशेब करून बघितला, फार छान जुळतो. पायदळ ९ बेस. एक गेला किंवा जखमी झाला असं धरलं तर ८ उरतात. पहिल्या दिवशी चार भागांचं कुंपण होतं. उघडे राहतात जमिनीचे दोन आणि तळ्याचे दोन. आणि घोडेस्वार बेस किती? चारच. पहिल्या रात्री उघड्या भागांवर घोडदळाशिवाय उभं करायला कोणी नसतं. खऱ्या वेढ्यात पहिल्या रात्री दुसऱ्या पहाऱ्याला बाहेर पडलेले कठ घोडदळाच्याच चौक्यांवर आदळले, पुढचे कापले गेले, मागचे परतले.

दुसऱ्या दिवशी उरलेले दोन भाग चार बेसनी बंद होतात आणि चार बेस सुरुंगाला मोकळे. तळं मात्र उघडंच. त्या रात्री कठ तळ्याकडून निघणार ही खबर फितुरांनी दिली, अलेक्झांडरने टॉलेमीला तीन हजारी हिपास्पिस्ट, सगळे अग्रियानी आणि धनुर्धरांची एक तुकडी देऊन तिथे बसवलं. कठ चौथ्या पहाऱ्याला निघाले. कर्णे वाजले, पाचशे मारले गेले, बाकीचे परत आत.

खेळात फितूर म्हणजे दर रात्रीआधी मॅसिडोनियन खेळाडूचा एक फासा. ५ किंवा ६ आला तर कठाने भाग दाखवायचा, पहारा नाही.

खाजनातला

बाहेर पडण्याचा नियम नीट लिहा, नाहीतर सगळी मजा त्या एका चिठ्ठीत अडकते. सुचवतो.

कठ खेळाडू चिठ्ठीवर भाग, पहारा आणि बेसची संख्या लिहितो. उघड्या भागातून एका पहाऱ्यात दोन बेस निघतात. एकेरी कुंपणातून एक. दुहेरी कुंपणातून कोणीच नाही, आधी लढून ते मोडावं लागतं. तळ्याच्या भागात लुटीचे तीन गाडे लावले की दोनऐवजी एकच बेस निघतो, आणि पहारेकऱ्याला चाहूल लागायला ४ ऐवजी ३ वर फासा पुरतो, कारण अंधारात लोक गाड्यांवर आपटतात. एक किंवा दोन गाडे लावून काही होत नाही, तीन पाहिजेतच. दोन्ही भाग अडवायला सहा. म्हणजे लढाईत निदान सहा गाडे शाबूत काढणं हे मॅसिडोनियन बाजूचं खरं ध्येय.

चाहूल लागली की कर्णा, आणि शेजारच्या दोन भागांतले बेस पुढच्या पहाऱ्याला पोचतात. म्हणून लवकर निघालं तर शेजारी पोचायला वेळ मिळतो. चौथ्या पहाऱ्याला निघालं तर शेजारी पोचत नाहीत, पण लगेच उजाडतं : निघालेल्या प्रत्येक बेसमागे घोडदळाचा एक फासा, ४ च्या वर आला तर तो गाठला गेला. तळ्यातून निघालेल्याला तर चाल अर्धी. गुडघाभर पाणी आणि खाली गाळ. खाजनात (खाडीकाठच्या चिखलाच्या शेतात) उतरलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

फासेपारखी

खाजनातलेबाब, एक पळवाट राहिली. तिसऱ्या पहाऱ्याला निघालं की कर्णा वाजून शेजारी चौथ्याला येतात, पण तोवर दोन बेस निघून गेलेले, आणि उजाडायच्या आत लांब पोचलेले. कठ खेळाडू दर रात्री तिसराच पहारा लिहील.

खाजनातला

बरोबर. मग पहाटेचा पाठलाग तिसऱ्या पहाऱ्यालाही लावू, फक्त ४ ऐवजी ५ वर. पहिल्या दोन पहाऱ्यांत निघालेले सुटले. आता चौघांतला कोणताच पहारा फुकटात पडत नाही.

चिठ्ठी ऐवजी चिंचोके वापरा. आठ भागांचे आठ वाडगे, चिंचोक्यावर पहाऱ्याचा आकडा, बाकी वाडग्यांत कोरे चिंचोके. कागदाच्या चिठ्ठ्या पंख्याने उडतात, आणि पंखा बंद करून मे महिन्यात कोणी वेढा खेळणार नाही.

मानशीकार

पोरस कधी? पाच हजार माणसं आणि उरलेले हत्ती घेऊन तो वेढा चालू असतानाच आला. एक हत्ती आणि दोन धनुर्धर बेस दिले तर मॅसिडोनियन बाजू फार जड होते.

पाथरवट

तिसऱ्या दिवशी सकाळी येतो. दोन्ही धनुर्धर पहाऱ्याला लागतात, तेवढे सरिसावाले सुरुंगाला मोकळे होतात; त्याचा खरा उपयोग एवढाच. हत्ती तटाशी काही करत नाही, घोडदळाच्या शेजारी उभा केला तर आपलेच घोडे बुजतात. तो ठेवावा लुटीच्या गाड्यांमागे. कोणी म्हणेल मग द्यायचाच कशाला. तर डब्यात रंगवलेला हत्ती असताना तो टेबलावर न येणं हा गुन्हा आहे.

सुरुंग : एका भागाच्या तटाला ८ गुण. खणणारा प्रत्येक बेस दिवसाला एक गुण, पण फाशावर १ आला तर त्या दिवसाचं काम वाया (वरून दगड, आत शिरलेलं पाणी, काहीही समजा). एका भागाशी चारच बेस मावतात. दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी ४, नशीब बरं असेल तर तिसऱ्या संध्याकाळी तट बसतो. तट फोडायची यंत्रं चौथ्या दिवशी सकाळी जोडून तयार होतात. इतिहासातही यंत्रं लागलीच नाहीत. विटांचा तट खणून पाडला, चहूबाजूंनी शिड्या लावल्या आणि शहर घेतलं. गोफण-यंत्रांची मॉडेलं रंगवण्यात महिना घालवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

शिडी : चढणाऱ्याला मागच्या रांगेचा आधार नाही, तटावरच्याला +३. पडलेल्या भागातून शिरणाऱ्याला नेहमीचे गुण, तटवाल्याला काही नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी शिड्या आणि एका ठिकाणी भगदाड असं केलं की शिबंदी वाटली जाते. शिड्यांवर नुसतं हिपास्पिस्ट घालून तट घेऊ बघणारा दोन पाळ्यांत सगळे गमावतो.

गुण : टेबलाबाहेर पोचलेला कठ बेस ३, गेलेला मॅसिडोनियन २, जखमी १. कठाने १२ केले तर तो जिंकला. शहर पडणार हे धरूनच चाला.

सुरंगी

तटाबद्दल. उंची ६५ मिमी, १२० मिमीचे तुकडे, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर तीन बेस. ५ मिमी सनबोर्ड दुहेरी चिकटवून वर ४० मिमी रुंदीची फांजी (तटावर उभं राहायची वाट). २५ ची केलीत तर बेस खाली पडतात. चुंबक लावून कोसळणारा तट बनवायच्या भानगडीत पडू नका, इथल्या खाऱ्या हवेत स्वस्त चुंबक वर्षाच्या आत गंजतात आणि फुगून सांधा सोडतात. एक उभा तुकडा, एक पडलेला तुकडा, सुरुंग लागला की अदलाबदल.

वरून मातीचा लेप हवा असेल तर चतुर्थीनंतर चित्रशाळेत उरलेली माती मिळते. ती एकटी लावू नका, सुकताना आकसून भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. माती तीन भाग, फेविकॉल एक भाग, चिमूटभर भिजवलेला कागदाचा लगदा. थर २ मिमीच्या वर नाही. अर्धवट ओला असताना पट्टीने आडव्या रेघा ओढा. १५ मिमीत एकेक वीट कोरत बसू नका, २ मिमीच्या थरांच्या रेघा आणि मधे कुठेकुठे उभी खूण एवढ्यावर डोळा फसतो. सावलीत सुकवा. पावसात चार दिवस लागतात, घाई करून हेअर ड्रायर लावलात तर परत भेगा.

थर्मोकोल वापरणार असाल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, विरघळतो. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात.

मानशीकार

जमीन लाल करू नये ही विनंती. हाताशी चिऱ्याची पूड असते म्हणून प्रत्येक बेस लालभडक होतो आणि पंजाबचं मैदान डिचोलीच्या खाणीसारखं दिसायला लागतं. तिथली माती नदीच्या गाळाची, फिकट राखाडी-पिवळट. नदीची वाळू चाळून घ्या. समुद्रावरची घ्यायचीच तर गोड्या पाण्याच्या बादलीत तीन वेळा भिजवून पाणी बदला, नाहीतर महिन्याभरात बेसवर मिठाचे पांढरे फुलोरे येतात आणि रंग उचलून धरतात.

खाजनातला

एमडीएफचे बेस जूनमध्ये कडेने फुगतात. ४० मिमीचा बेस ४१ झाला की १२ गाड्यांचं कडं १२ मिमीने वाढतं आणि टेकडीवर बसत नाही. कडा कापल्याबरोबर पातळ सुपरग्लूने किंवा वॉर्निशने बुजवा, किंवा सरळ २ मिमी अॅक्रिलिक कापून घ्या. मॅट वॉर्निशचा स्प्रे पावसाळी हवेत मारू नका, वर दुधासारखी झाक येते; ब्रशने लावायचं घ्या. आणि शिशाच्या जुन्या फिगर लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून, विशेषतः ओकच्या, निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते, ती पसरत जाते. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल.

नवखा_पेडणे

सांगला म्हणजे सियालकोटचं शाकल ना? नकाशा तसाच काढू का?

फासेपारखी

नको. नाव सारखं वाटतं एवढंच. सियालकोट चिनाबजवळ, रावीच्या अलीकडे. अलेक्झांडर सांगलाला पोचला तेव्हा रावी ओलांडून तिसरा दिवस होता. नकाशात फक्त चार गोष्टी दाखवा : शहर, समोर टेकडी, एका अंगाला तळं, बाकी सपाट. टेकडीचा एक उतार सौम्य ठेवा, कठांच्या डावीकडचा. अलेक्झांडरला तिथून सोपं वाटलं होतं. तळ्यासाठी रेझिन ओतू नका, दमट हवेत वर चिकट पांढुरका थर येतो. निळसर-करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर चकचकीत वॉर्निशचे तीन हात पुरतात, आणि काठाला चिखलाचा पट्टा रुंद ठेवा, तिथेच गाडे लागणार आहेत.

पाथरवट

वरच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. पहिली बैठक टेकडी, साधारण अडीच तास. मधे जेवण, आणि जेवणाआधीच कागदावर तीन आकडे लिहून दोघांनी सही करायची : शाबूत गाडे, जखमी बेस, आत गेलेले कठ. जेवून आल्यावर टेबलावरचं कोणालाच आठवत नाही.

एक राहिलं. मोडलेले गाडे टेबलावरून लगेच उचलून डब्यात टाका. टेकडीवर पडून राहिले की रात्री तळ्याला लावायच्या वेळी तेच गाडे गुपचूप लुटीत मोजले जातात.